एकविसावे ठिकाण

२५ जानेवारी २०११, मंगळवार. कैरोच्या पोलिसांकडे त्या दिवशी वीस ठिकाणांची यादी होती. ती मिळवण्यासाठी त्यांना कोणाला फितूर करावे लागले नव्हते. निदर्शने कोठे होणार, हे आयोजकांनीच उघडपणे जाहीर केले होते. त्यामुळे हजारो पोलीस त्या वीस ठिकाणी सकाळपासून कडे करून उभे होते.

एकविसावे ठिकाण मात्र कोठेही जाहीर झाले नव्हते. नाईलच्या पश्चिमेला बुलाक अल-दक्रूर ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती आहे. तिच्या नाहिया भागातील एका मिठाईच्या दुकानापाशी जमायचे, हे मोजक्या लोकांनाच ठाऊक होते. छोट्या छोट्या तुकड्या निघाल्या, तेव्हा बहुतेकांना आपण कोठे चाललो आहोत याची कल्पना नव्हती. ती फक्त प्रत्येक तुकडीच्या म्होरक्याला होती. त्या अरुंद गल्ल्यांतून चालायला किती वेळ लागतो, याची चाचणी आयोजकांनी आधीच प्रत्यक्ष पायी फिरून घेतली होती. दुकानापाशी जमलेले लोक काहीशेच असतील. घोषणा महागाईच्या होत्या: ते कबुतर-कोंबडी खातात, आम्ही रोज उसळ खातो. खिडक्यांतून पाहणारे लोक खाली उतरत गेले आणि मुख्य रस्त्यावर पोहोचेपर्यंत त्या काहीशेंचे काही हजार झाले. पोलिसांची कडी फोडून हा लोंढा तहरीर चौकात शिरला.

पुढच्या काही आठवड्यांत जगभरच्या वृत्तपत्रांनी या उठावाला ‘फेसबुक क्रांती’ असे नाव दिले. नाव चटकदार होते, आणि निम्मे खरेही होते. वीस ठिकाणे फेसबुकमुळे शक्य झाली. एकविसावे मात्र तेथे काहीही न लिहिल्यामुळे. ब्लॉग आणि समाजमाध्यमे सामान्य माणसाला चळवळीचे नेतृत्व देतात, असे आज सहज म्हटले जाते. ते नेतृत्व नेमके कशाचे असते आणि कोठे संपते, हे पाहायचे तर २०११ पुरेसे नाही. सहा-सात वर्षे मागे जावे लागते.

होस्नी मुबारक १९८१ मध्ये सत्तेवर आले. अन्वर सादात यांच्या हत्येनंतर लागू झालेली आणीबाणी त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत कधी उठलीच नाही. अटकेला कारण लागत नसे. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदा ठरवता येत असे. आणि तो कायदा होता १९१४ चा, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला. (साम्राज्ये जातात, जमावबंदीचे कायदे मात्र नव्या राज्यकर्त्यांच्या कपाटात जपून ठेवलेले सापडतात. भारतीय वाचकाला हे निराळे सांगायला नको.) मोठी दैनिके सरकारी मालकीची होती, त्यांचे संपादक वरून नेमले जात.

१२ डिसेंबर २००४ रोजी कैरोतील उच्च न्यायालयाच्या पायऱ्यांवर काही माणसे तोंडावर पिवळी चिकटपट्टी लावून उभी राहिली. पट्टीवर एकच शब्द होता: ‘किफाया’. मराठीत त्याचा नेमका प्रतिशब्द ‘पुरे’. या मंडळींची संख्या लहान होती, आणि त्यांच्याकडे ना वृत्तपत्र होते ना दूरचित्रवाणी. परंतु त्याच सुमारास ब्लॉग नावाचा प्रकार इजिप्तमध्ये रुजू लागला होता. किफायाच्या निदर्शनांचे वृत्तांत आणि छायाचित्रे संध्याकाळपर्यंत ब्लॉगवर येऊ लागली. मनाल हसन आणि अला अब्द अल-फत्ताह या संगणक जाणणाऱ्या तरुण दांपत्याने देशभरचे ब्लॉग एका जागी वाचता येतील असे संकेतस्थळ उभारले. विखुरलेल्या माणसांना आपण एकटे नाही हे तेथे प्रथम दिसले.

या ब्लॉगलेखकांत पेशाने पत्रकार थोडे होते. वाएल अब्बास हा त्यांतला सर्वांत धीट. ऑक्टोबर २००६ मध्ये ईदच्या दिवसांत मध्य कैरोमध्ये टोळक्यांनी भर रस्त्यात स्त्रियांची छेड काढली आणि पोलीस पाहत राहिले. सरकारने असे काही घडलेच नाही असे सांगितले. ब्लॉगलेखकांनी मात्र डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले. पुढच्याच महिन्यात अब्बास आणि इतर काहींनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. एका पोलीस ठाण्यात एका मिनीबसचालकाचा अमानुष छळ होत होता, आणि तो पोलिसांनीच मोबाईलवर टिपला होता. त्या चालकाला त्याच्या सोबत्यांसमोर लाजेने खाली मान घालायला लावावी, हा त्या चित्रणामागचा हेतू होता. झाले उलटे. चित्रफीत देशभर पोहोचली, एका स्वतंत्र साप्ताहिकाने त्या चालकाला शोधून काढले, मानवाधिकार वकिलांनी खटला उभा केला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दोन पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

ते ठाणे बुलाक अल-दक्रूरचे होते. चार वर्षांनंतर ज्या वस्तीतून तो मोर्चा निघाला, तीच ही वस्ती.

या प्रकरणातील साखळी नीट पाहण्यासारखी आहे. ब्लॉग एकटा काहीच करू शकला नसता. साप्ताहिक आणि वकील नसते तर ती चित्रफीत कुजबुजीपुरती उरली असती. मात्र ब्लॉग नसता, तर साप्ताहिकाला आणि वकिलांना काही दिसलेच नसते. साखळीतली पहिली कडी सामान्य माणसाच्या हाती आली, हा खरा बदल होता. आणि ती कडी किती कच्ची आहे हेही लगेच कळले. २००७ च्या नोव्हेंबरातच यूट्यूबने अब्बासचे खाते बंद केले. त्यावरील छळाच्या चित्रफिती पाहून तक्रारी आल्या होत्या. आरडाओरडा झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अलेक्झांड्रियाच्या करीम आमेर या ब्लॉगलेखकाला चार वर्षांची शिक्षा झाली होती: तीन वर्षे धर्माच्या अवमानाबद्दल आणि एक वर्ष राष्ट्राध्यक्षांच्या.

आता कैरो सोडून उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील महल्ला अल-कुब्रा या गिरणगावात जायला हवे. इजिप्तच्या उठावाची कथा सांगताना हे गाव पुष्कळदा वगळले जाते, कारण तेथे लॅपटॉप घेऊन बसलेला तरुण नाही. तेथे १९२७ मध्ये स्थापन झालेली ‘मिस्र’ कापड गिरणी होती आणि तिच्यात सुमारे चोवीस हजार कामगार होते. पंतप्रधानांनी २००६ च्या आरंभी सरकारी उद्योगांतील कामगारांना दोन महिन्यांच्या पगाराइतका बोनस देण्याचे वचन दिले. डिसेंबरात पगाराची पाकिटे उघडली, तर बोनस निघाला पूर्वीचाच. ७ डिसेंबर रोजी तयार कपडे शिवण्याच्या विभागातील सुमारे तीन हजार स्त्रिया यंत्रे सोडून उठल्या आणि पुरुषांच्या कताई-विणाई खात्यांकडे चालत गेल्या. ‘पुरुष कुठे आहेत? बायका तर इथे आहेत!’ ही त्यांची घोषणा होती. पुरुषांना बाहेर पडावेच लागले. चौथ्या दिवशी सरकारने पंचेचाळीस दिवसांचा बोनस मान्य केला. पुढच्या दीड वर्षात देशभर संपांची लाटच आली.

होस्साम अल-हमलावी हा पत्रकार-ब्लॉगलेखक या संपांच्या बातम्या आणि छायाचित्रे सातत्याने इंटरनेटवर ठेवत असे. गिरणी आणि ब्लॉग यांच्यातील पूल अशा मोजक्या माणसांनी बांधला.

२००८ च्या आरंभी इजिप्तमध्ये भाकरीचा तुटवडा पडला. रांगांतील मारामाऱ्यांत माणसे मेली. अखेर सैन्याला भट्ट्या पेटवून भाकरी भाजायचे आदेश द्यावे लागले. इजिप्तच्या बोलीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात. मूळ अरबी अर्थ जगणे, जीवन. फारसीमार्गे तोच शब्द मराठीत आला तो चैनीचा अर्थ घेऊन. कैरोच्या गल्लीत ऐश म्हणजे रांगेत उभे राहून मिळवायची भाकरी.

महल्लाच्या कामगारांनी देशभरासाठी १२०० पौंड किमान मासिक वेतनाची मागणी करून ६ एप्रिल ही संपाची तारीख ठरवली. ही तारीख ऐकून इस्रा अब्देल फत्ताह ही तरुणी आणि अहमद माहेर हा स्थापत्य अभियंता यांनी फेसबुकवर एक ग्रुप सुरू केला. त्या दिवशी कामगारांच्या पाठिंब्यासाठी साऱ्या देशाने घरी थांबावे, निदान काळे कपडे घालावेत, एवढेच आवाहन होते. दोन आठवड्यांत ग्रुपचे सदस्य सत्तर हजारांवर गेले. कोणत्याही नोंदणीकृत विरोधी पक्षाला त्या काळी इतकी माणसे इतक्या वेगाने गोळा करता आली नसती.

६ एप्रिल उजाडला. कैरोचे रस्ते नेहमीपेक्षा रिकामे होते. ते आवाहनामुळे की पोलिसांच्या भीतीमुळे, हे कोणालाच सांगता येईना. महल्लात मात्र पोलिसांनी आधीच गिरणी ताब्यात घेऊन संप मोडला होता. दुपारनंतर कामगारांची कुटुंबे, बायका, पोरे, बेकार तरुण असे सारे गाव रस्त्यावर आले. चौकातील मुबारक यांचे भव्य चित्र खाली ओढून लोकांनी ते पायांखाली तुडवले. ते दृश्य मोबाईलवर टिपले गेले आणि सगळीकडे पसरले. दोन दिवसांच्या दंगलीत पंधरा वर्षांच्या एका मुलासह काही जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. इस्राला अटक झाली. ती दोन आठवड्यांहून अधिक काळ तुरुंगात होती आणि बाहेर आली तेव्हा देश तिला ‘फेसबुक गर्ल’ म्हणून ओळखत होता.

याच्या नंतरचा प्रसंग कमी सांगितला जातो, पण तो अधिक बोलका आहे. ग्रुपने उत्साहात दुसरा संप पुकारला. तारीख निवडली ४ मे, मुबारक यांचा ऐंशीवा वाढदिवस. आवाहन तेच, माध्यम तेच, सदस्य तेवढेच. कोणीही हलले नाही. कारण यावेळी मागे महल्ला नव्हती. तारीख कामगारांनी ठरवलेली नव्हती, वेतनाचा आकडा नव्हता, कोणाच्या चुलीशी तिचा संबंध नव्हता. त्याच महिन्यात पोलिसांनी अहमद माहेरला पकडून मारहाण केली. त्यांना हवा होता ग्रुपचा पासवर्ड. माध्यमाला एखादे गुप्त मुख्यालय असते आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी खिशात असते, अशी त्या पोलिसांची समजूत होती. ग्रुपची ताकद तेथे नव्हती, हे ४ मे रोजीच दिसले होते. पण ते ओळखायला माहेर आणि त्याच्या सोबत्यांनाही अजून वेळ लागणार होता. त्यांनी आपल्या संघटनेला ‘६ एप्रिल युवा चळवळ’ हे नाव दिले. नावातच गिरणीचे ऋण होते.

दोन वर्षे फारसे काही घडले नाही. चळवळींच्या इतिहासात अशी वर्षे बरीच असतात.

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियातील एका सायबर कॅफेतून दोन साध्या वेशातील पोलिसांनी अठ्ठावीस वर्षांच्या खालेद सईदला बाहेर ओढले आणि जवळच्या इमारतीच्या दाराशी मरेपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळल्याने तो गुदमरला, असे पोलिसांनी सांगितले. शवागारात काढलेले त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र कुटुंबाकडून बाहेर आले आणि पोलिसांच्या कहाणीवर विश्वास ठेवणे अशक्य झाले. खालेद कोणत्याही संघटनेचा कार्यकर्ता म्हणून ओळखला जात नव्हता. राजकारणापासून दूर राहिलो तर आपल्याला कोणी हात लावणार नाही, हा मध्यमवर्गाचा दिलासा त्या छायाचित्राने काढून घेतला.

वाएल गोनिम हा गूगलचा विपणन अधिकारी तेव्हा दुबईत राहत होता. त्याने चार दिवसांत नाव न सांगता फेसबुकवर पेज उघडले: ‘आम्ही सारे खालेद सईद’. या पेजची भाषा हा अभ्यासाचा विषय आहे. अरबी जगात राजकीय लेखन प्रमाण अरबीत करण्याचा रिवाज. गोनिमने कैरोच्या बोलीत लिहिले, आणि आरंभी तर जणू खालेदच बोलतो आहे अशा प्रथमपुरुषी ढंगात. घोषणा टाळल्या. पुढे काय करावे, हे तो सदस्यांना विचारत असे, मते घेत असे. ग्राहकाला पायरीपायरीने खरेदीपर्यंत आणण्याचे विपणनशास्त्र त्याने भित्र्या माणसाला रस्त्यापर्यंत आणायला वापरले. (हे वाचून काही क्रांतिशास्त्री नाक मुरडतात. तरी अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर पुढे जी रांग उभी राहिली, ती त्यांच्या पुस्तकांमुळे राहिली नव्हती.)

रांगेची कल्पनाही गोनिमची नव्हती, एका सदस्याने सुचवलेली होती. काळे कपडे घालायचे, समुद्राकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे, एकमेकांत काही पावलांचे अंतर ठेवायचे, हवे तर कुराण किंवा बायबल वाचायचे, बोलायचे नाही. तासाभराने घरी जायचे. माणसांत अंतर असल्यामुळे तो ‘जमाव’ होत नाही, आणि घोषणा नसल्यामुळे ‘निदर्शन’ही होत नाही. १९१४ च्या कायद्याला काय करावे कळेना. १८ जूनला अलेक्झांड्रियात आणि कैरोतही नाईलकाठी अशा रांगा उभ्या राहिल्या. त्यांची छायाचित्रे रात्री पेजवर आली, आणि पुढच्या वेळी रांग लांबली. फेसबुकवर सदस्य होणे फुकट असते. समुद्राकडे तोंड करून तासभर उभे राहण्याला थोडी किंमत मोजावी लागते. सहा महिने हजारो माणसे ही थोडी किंमत मोजायला शिकत होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये, संसदेच्या निवडणुकीच्या अगदी तोंडावर, ते पेज नाहीसे झाले. काम सरकारचे नव्हते. खोट्या नावाने खाते चालवणे फेसबुकच्या नियमात बसत नव्हते. अमेरिकेत राहणाऱ्या एका इजिप्शियन स्त्रीने आपले खरे नाव पुढे केले, तेव्हा पेज परत आले. ज्या देशात खरे नाव सांगणे म्हणजे तुरुंग, त्या देशातील आंदोलनाचा श्वास दूरच्या एका कंपनीच्या नियमावलीवर अवलंबून होता. सामान्य माणसाला मिळालेले हे व्यासपीठ त्याच्या मालकीचे नव्हते, ही गोष्ट त्या गडबडीत फारशी कोणी मनावर घेतली नाही.

१७ डिसेंबरला ट्युनिशियातील सिदी बूझिद येथे मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारीला त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष बेन अली पळून गेले. त्यानंतर ‘खालेद सईद’ पेजने २५ जानेवारीचे आवाहन केले. तारखेत उपरोध होता. १९५२ मध्ये त्या दिवशी इस्माइलिया येथे इजिप्शियन पोलीस ब्रिटिश सैन्याशी लढता लढता मारले गेले, म्हणून तो ‘पोलीस दिन’. २००९ पासून त्याची राष्ट्रीय सुट्टी होती. छळाविरुद्ध उठायला पोलिसांच्याच हुतात्म्यांचा दिवस निवडला गेला.

अस्मा महफूझ ही ६ एप्रिल चळवळीतील पंचवीस वर्षांची तरुणी. जानेवारीत ती एकदा आवाहन करून तहरीर चौकात जाऊन उभी राहिली होती. तिच्यासोबत आले तिघे, आणि पोलिसांच्या गाड्या. १८ जानेवारीला तिने कॅमेऱ्यासमोर बसून एक साधी चित्रफीत केली. मी जाणार आहे, तुम्ही घरी बसून बातम्या बघत राहिलात तर दोष तुमचाही, असा तिचा रोख होता. आणि स्वतःला मर्द म्हणवणाऱ्यांना तिने उघड डिवचले. महल्लाच्या शिलाई खात्यातील बायकांची हाकच येथे निराळ्या साधनातून पुन्हा ऐकू येते.

इतके सारे असूनही एक अडचण उरत होती. सुमारे आठ कोटींच्या देशात फेसबुक वापरणारे अर्ध्या कोटीच्या आसपास. बुलाक अल-दक्रूरच्या गल्लीतील माणूस त्यांत बहुधा नव्हताच. ४ मे २००८ चा धडा कोणाच्या तरी मनात जागा असावा, म्हणून एकविसावे ठिकाण ठरले. जे पडद्यावर नाहीत त्यांच्याकडे पायी जायचे, आणि राज्यघटनेविषयी नव्हे तर उसळीविषयी बोलायचे.

२८ जानेवारीच्या मोठ्या मोर्चाच्या आदल्या मध्यरात्रीनंतर, साडेबारा वाजून गेल्यावर, इजिप्तच्या मोठ्या इंटरनेट कंपन्या काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक जगाच्या जाळ्यातून नाहीशा झाल्या. ‘नूर’ नावाची एक कंपनी तेवढी आणखी तीन दिवस चालू राहिली. शेअर बाजाराचे काम तिच्यावर होते. सकाळी मोबाईलही बंद झाले. गोनिमला आदल्या रात्रीच पोलिसांनी उचलले होते. म्हणजे ‘फेसबुक क्रांती’च्या सर्वांत निर्णायक दिवशी फेसबुक बंद होते आणि पेज चालवणारा डोळ्यांवर पट्टी बांधून कोठडीत होता.

त्या दिवशी शुक्रवार होता. नमाजानंतर शहरभरच्या मशिदींतून माणसे बाहेर पडली आणि तेथूनच मोर्चे निघाले. घरी बसून पडद्यावर काय चालले आहे ते पाहणाऱ्यांना आता काहीच दिसत नव्हते. मुलगा कोठे आहे हे फोन करून विचारता येत नव्हते. म्हणून आई-बापही पाहायला बाहेर आले. कस्र अल-नील पुलावर पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर यांच्यापुढे तासन्‌तास लोंढे मागे-पुढे होत राहिले. संध्याकाळी पोलीस हटले, सत्ताधारी पक्षाची कचेरी पेटली, आणि सैन्य रस्त्यावर आले. सरकारने आंदोलनाचा मेंदू समजून जे तोडले, तो मेंदू नव्हता. इंटरनेट २ फेब्रुवारीला परत आले, ज्या दिवशी सरकारसमर्थकांनी उंट-घोड्यांवरून तहरीर चौकावर हल्ला केला.

७ फेब्रुवारीला सुटून आल्यावर गोनिम एका खासगी वाहिनीवर बोलला. मेलेल्यांची छायाचित्रे दाखवताच तो रडू लागला आणि उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी चौकातील गर्दी आधीच्या सर्व दिवसांपेक्षा मोठी होती. म्हणजे थकत चाललेले आंदोलन पुन्हा पेटवले ते दूरचित्रवाणीने. ११ फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले. अठरा दिवसांत ८४६ माणसे मेली, असे सरकारी चौकशी समितीने नंतर नोंदवले.

इथवरचा भाग सर्वांना सांगायला आवडतो. त्यानंतरचा थोडक्यात सांगितला तरी चालेल, पण वगळता येत नाही.

मुबारक गेल्यावर सत्ता सैन्याच्या सर्वोच्च परिषदेकडे गेली. या सेनापतींनी पहिल्याच आठवड्यात केलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे फेसबुकवर आपले पेज उघडणे. त्यांची निवेदने तेथे प्रसिद्ध होऊ लागली. मार्चअखेरीस मायकेल नबील या ब्लॉगलेखकाला त्यांनी पकडले. सैन्य आणि जनता कधीच एक नव्हती, असे त्याने पुराव्यांसह लिहिले होते. लष्करी न्यायालयाने तीन वर्षे सुनावली. त्याच महिन्यात घटनादुरुस्तीवर सार्वमत झाले होते. तहरीरच्या तरुणांनी ‘नाही’चा प्रचार केला, आणि इंटरनेटवर तर सारा देश ‘नाही’ म्हणतो आहे असे वाटत होते. पेट्या उघडल्या तेव्हा ७७ टक्के ‘हो’ निघाले. ब्रदरहूडला गावोगाव शाखा होत्या, दवाखाने होते, ऐंशी वर्षांची सवय होती. संसदेच्या निवडणुकीत त्यांना सर्वाधिक जागा मिळाल्या. तहरीरच्या तरुणांच्या आघाडीला दहाही मिळाल्या नाहीत. २०१२ च्या अंतिम फेरीत मतदारासमोर दोनच नावे उरली: ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी आणि मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान अहमद शफीक. ज्यांनी चौक भरला, त्यांचा उमेदवारच त्या कागदावर नव्हता.

याला केवळ भोळेपणा म्हणून चालणार नाही. नेता नसणे हे या तरुणांचे कवच होते. ज्या चळवळीला मुख्यालय नाही, तिच्यावर छापा घालता येत नाही. म्हणून तर माहेरला मारून पोलिसांना काही मिळाले नव्हते. पण सेनापती वाटाघाटीला बोलावू लागले तेव्हा कोणी जायचे, काय मान्य करायचे आणि मान्य केलेले बाकीच्यांना कोण पटवणार, हे ठरवण्याची जागाही त्यामुळे नव्हती. ‘या’ असे लाखोंना सांगता येत होते. ‘आता हे घेऊ, ते उद्या मागू’ असे सांगणारा कोणी उभा राहिला, तर त्याच पडद्यावर त्याला तासाभरात गद्दार ठरवले जाई. महल्लाच्या स्त्रिया पंचेचाळीस दिवसांच्या बोनसवर थांबू शकल्या, कारण त्या एका गिरणीत एकमेकींना ओळखत होत्या.

३ जुलै २०१३ रोजी सैन्याने मोर्सींना हटवले. नोव्हेंबरात निदर्शनांवर निर्बंध घालणारा नवा कायदा आला. डिसेंबरात अहमद माहेरला त्याखाली तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने ६ एप्रिल चळवळीवर बंदी घातली. ब्लॉग एकत्र आणणारा अला अब्द अल-फत्ताह २०१५ मध्ये पाच वर्षांसाठी आत गेला. २०२१ मध्ये पुन्हा पाच वर्षे, यावेळी फेसबुकवरील एक मजकूर शेअर केल्याबद्दल. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक फॉलोअर असलेले कोणाचेही खाते प्रसारमाध्यम समजले जाऊ लागले आणि वृत्तपत्राप्रमाणेच सरकारी नियंत्रणाखाली आले. सामान्य माणसाच्या खात्याला वृत्तपत्राचे बळ आहे, ही गोष्ट शेवटी राज्यसंस्थेने कायद्यात लिहून मान्य केली.

अलेक्झांड्रियाचा तो खटला मात्र चालूच होता. खालेद सईदला मारणाऱ्या दोघा पोलिसांना २०११ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली होती. फेरसुनावणीनंतर मार्च २०१४ मध्ये ती दहा वर्षांची झाली. निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर घोषणा देण्यासाठी त्या नव्या कायद्याप्रमाणे पोलिसांना आधी सूचना द्यावी लागत होती.